बेपत्ता वाटाणे

शोधसम्राट स्वतःबद्दल नेहमी तृतीयपुरुषी बोलत. "शोधसम्राटांची नजर घारीची, कान सशाचे आणि नाक..." इथे ते थांबत, कारण नाकाला बारा महिने सर्दी. टपाल कचेरीत तीस वर्षं त्यांनी चुकीच्या पत्त्यांची पत्रं मार्गी लावली होती. त्यातली बरीचशी आणखी चुकीच्या पत्त्यावर गेली, हे फक्त त्यांच्या मेहुण्याला ठाऊक होतं. मेहुणा पेशाने घड्याळजी. बहिणीने गळ घातली म्हणून तो त्यांचा मदतनीस झाला होता.

त्या सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या नर्सबाईंनी त्यांना बोलावलं. घरापुढची हिरवळ काढून त्यांनी तिथे वाटाणे, वांगी आणि इथल्याच मातीतली रानफुलं लावली होती. हिरवळ होती सासऱ्यांची. सासरे निवृत्त मोजणीदार, गवत पट्टी लावून कापणारे. तेव्हापासून ते सुनेशी एकदाच बोलले होते: "महिनाअखेर वाटीभर भाजी ताटात आली नाही, तर माझी हिरवळ परत."

"तीन दिवस उरलेत," नर्सबाई म्हणाल्या. "वांगी अजून फुलावर आहेत. भिस्त सगळी वाटाण्यांवर, आणि शेंग भरली की दुसऱ्या दिवशी गायब."

मेहुण्याला वाईट वाटलं.

शोधसम्राट वाफ्याशेजारी पालथे पडले. "शेजारी. त्यांच्याकडे रोज कुकरच्या शिट्ट्या होतात."

"सगळ्यांकडेच होतात, भावजी."

"म्हणजे टोळी आहे. नोंद घ्या."

"पक्षी असतील."

"पक्षी सालं टाकतात. इथे सालं नाहीत. म्हणजे पक्षी सुशिक्षित आहे." मग त्यांनी नर्सबाईंकडे रोखून पाहिलं. "किंवा तक्रारदारच चोर."

"मी माझेच वाटाणे कशाला चोरू?"

"तेच शोधायचंय. शोधसम्राट प्रकरणाच्या मुळाशी जातात," असं म्हणून त्यांनी तीन रोपं उपटली.

"ती माझी रानफुलं होती."

"मुळाशी काही नाही," शोधसम्राटांनी जाहीर केलं. मेहुण्याने रोपं मुकाट्याने परत लावली.

एवढ्यात धुण्याची बादली घेऊन सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी मूठ उघडली. "यांच्या सदऱ्याच्या खिशात निघालं. कुणाच्या कामाचं आहे का?"

मुठीत वाटाण्याची सालं होती.

"कुंपणानेच शेत खाल्लं," मेहुणा पुटपुटला.

ओसरीवर मोजणीदारांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "पहिली शेंग पैज जिंकायला तोडली. फेकणार होतो. हातात फुटली, म्हणून चाखली."

"आणि बाकीच्या, बाबा?"

"बाकीच्या गोड होत्या."

"किती खाल्ल्यात?"

"एकशे बारा. सोलून सव्वादोन वाट्या भरतील." त्यांनी वर्तमानपत्राची काटेकोर घडी घातली. "ताटात नाही आल्या, हे खरं. पण तो दोष ताटाचा."

नर्सबाईंना हसू आवरेना. म्हातारबुवा चप्पल घालून खाली उतरले आणि फाटकाशी उरलेल्या गवताच्या पट्ट्यापाशी उभे राहिले.

"इथे काय येईल?"

"वाटाणे येतील."

"मग लाव. ओळी मी आखून देतो. तुझ्या वाकड्या आहेत."

"नोंद घ्या," शोधसम्राट कपडे झटकत म्हणाले. "शोधसम्राटांच्या धाकाने कबुलीजबाब." मग त्यांनी हळूच विचारलं, "घरी न्यायला चार शेंगा मिळतील का?"

आजवर अनेकांनी त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्यासाठीही वाटाणा शिल्लक नव्हता.