आधी काढा, मग बोलू

आमच्या सिल्वासात डॉक्टर टिपणीस हा एकच डॉक्टर असा, जो नाडी बघायच्या आधी रंगखडूंचा डबा पुढे सरकवतो. "आधी काढा, मग बोलू." काय काढायचं? तर आपला आजार. आपल्याला तो कसा दिसतो, तसा.

माणूस नाशिकचा, दवाखाना नरोली रस्त्याला. बाकावर कारखान्यातले कामगार मांडीवर पुठ्ठा घेऊन रंगवत बसलेले असतात. बघणाऱ्याला वाटावं, बालवाडीत उशिरा नाव घातलंय. मी एकदा विचारलं, ही परप्रांतातली माणसं, त्यांची भाषा कळत नाही म्हणून हा उद्योग का?

"भाषा तुमची तरी कुठे कळते, चौधरीशेठ? 'जरा बरं नाही' म्हणजे नक्की काय?"

त्यांचे अंदाज चुकतात, हेही सांगतो. एकानं पोटावर मोठं चक्र काढलं. डॉक्टरांनी अर्धा तास त्याला खोदून विचारलं, मशीनची भीती वाटते का, सुपरवायझर ओरडतो का. शेवटी कळलं, ती मेसची कच्ची चपाती होती. बाहेर माझा नंबर होता. माझा अर्धा तास गेला तो गेलाच.

मी धुळ्याहून इथे हमालीला आलो. आज गलोंड्यात माझं खोक्यांचं गोदाम आहे. हे घासाघिशीवर उभं राहिलंय. समोरच्यानं सांगितलेलं मी जसंच्या तसं कधी मान्य करत नाही. टिपणिसांनी रक्तातल्या साखरेची गोळी दोन वेळा लिहिली, ती मी परस्पर एका वेळेवर आणली होती.

मग थकवा फारच वाढला म्हणून गेलो. पुन्हा तो डबा. मी भडकलो. गोदामात गाडी खोळंबलीय आणि मी इथे चित्रं काढू? टिपणीस सगळं ऐकून घेतात, पण जागचे हलत नाहीत. शेवटी ओढला एक माणूस: डोकं, मिशी, पोट, कानाला फोन. गुडघ्यापाशी कागद संपला.

त्यांनी खाली दुसरा कागद जोडला. "पाय राहिले."

"एक काढतो," मी म्हणालो. "दोन नाही काढणार."

त्यांनी मान डोलवली. मी उजवा पाय काढला, बोटांसकट.

"आता डावा बूट काढा."

गोदामातल्या फळीचा खिळा बुटाचा तळ फोडून आत आला होता. मोजा जखमेला चिकटलेला. साखरेनं पाय बधिर, मला पत्ताच नव्हता. आणखी आठवडा गेला असता तर पाय कापावा लागला असता, असं सर्जन म्हणाला. त्याच्याकडेही टिपणिसांनीच स्वतःच्या गाडीतून नेलं.

दोन महिने मी खुर्चीत बसून गोदाम चालवलं. तोवर गावभर झालं, डॉक्टरांनी चित्रावरून पाय ओळखला. अहो, मनात आलं असतं तर मी डावा काढला असता! हे मी आजही सांगतो. कुणी ऐकत नाही.

जखम भरली आणि त्यांचे फोन सुरू झाले. या, बरा झालेला पाय काढून द्या. चार फोन. एवढा तगादा धंद्यात मलाही जमत नाही. रविवारी दुपारी तावातावानं गेलो. दवाखाना रिकामा, डॉक्टर एकटेच फायली पसरून बसलेले. प्रत्येक फाइलीत डावीकडे चित्र: कमरेत विंचू, डोक्यात भट्टी, छातीवर ट्रक. उजवीकडचं पान कोरं.

"हे मोकळं कशाला?"

"बरं झाल्यावरचं चित्र लावायला. त्यासाठी कुणी येत नाही. काम बदलतात, खोली सोडतात, गावी जातात." त्यांनी फाइलीची कड सरळ केली. "बरे असतील, असं मी धरून चालतो."

छातीवर ट्रक असलेल्या फाइलीवरचं नाव मी वाचलं. "हा रामसजीवन? परवाच माझ्याकडे खोकी उतरवून गेला. ठणठणीत आहे."

"नक्की?"

"माझ्याशी भांडला. आजारी माणूस एवढं भांडत नाही."

डॉक्टरांनी त्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहिलं आणि दुसरी फाइल माझ्यापुढे ठेवली. कमरेत विंचू. नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"हाही दिसतो अधूनमधून," मी म्हणालो. "बरा आहे."

या वेळी त्यांनी 'नक्की?' असं विचारलं नाही.