मास्तरणीचं पदक

"अर्ज मी लिहिला आणि तो परत आला, असं आजवर झालेलं नाही," हेडक्लार्कसाहेबांनी जेवता जेवता जाहीर केलं.

आणि ते खरंच होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत उभी हयात त्यांनी लोकांचे अर्ज परत पाठवण्यात घालवली होती. स्वतः अर्ज लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी गल्ली त्यांना हेडक्लार्कसाहेबच म्हणायची, आणि रागावली की बायकोसुद्धा तेच म्हणायची.

विषय होता सासऱ्यांच्या पदकाचा. सासरे फौजेतले. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडे राहायला आले होते. छाती पार कमजोर झालेली. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तरी मध्ये एक खुर्ची लागायची. फार पुढचे बेत करू नका, असं डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि अशातच त्यांच्या जुन्या पलटणीचं पत्र आलं. छावणीत एक दगडी भिंत उभी राहत होती. ज्यांना ज्यांना शौर्यपदक मिळालं, त्या सगळ्यांची नावं तिच्यावर कोरायची होती. नावं घेणार होते ती मात्र सेवापुस्तकातल्या नोंदी बघूनच.

हेडक्लार्कसाहेबांनी सेवापुस्तकाची नक्कल मागवली. त्यात सासऱ्यांची काढलेली दाढ होती, हरवलेले बूट होते, कवायतीच्या वेळी हसल्याबद्दल मिळालेली समज होती. फक्त पदक नव्हतं. आणि इकडे ते पदक काचेच्या कपाटात, विटलेल्या फितीसकट, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत होतं.

"असू द्या हो, जावईबापू," सासरे म्हणाले. "कशाला उगाच जुनं उकरायचं?"

"बाबा, तुम्ही गप्प बसा," लेक म्हणाली. "तुमचं नाव त्या भिंतीवर मला तुमच्यासोबत उभं राहून बघायचंय. तुम्ही असताना." शेवटचे दोन शब्द तोंडातून निघून गेले आणि ती ताटातलं उरलेलं आवरायला लागली.

हेडक्लार्कसाहेबांनी हात धुतले आणि अर्ज लिहायला बसले.

अर्ज कसला, ग्रंथच तो. विषय, संदर्भ, पोटसंदर्भ, सासऱ्यांचं बालपण, देशावरची संकटं, सगळं आलं. शेवटी 'सदरहू इसमाच्या सदरहू शौर्याची सदरहू नोंद' असं एक वाक्य होतं, ते त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. बायको म्हणाली, छान आहे, पण यात बाबा कुठे आहेत?

अर्ज परत आला. 'सदर क्रमांकाच्या सैनिकास असे कोणतेही पदक दिल्याचे आढळत नाही.' खाली सही. बस्स.

साहेबांनी तो कागद बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. इतकी वर्षं अशी पत्रं त्यांनी स्वतः लिहिली होती. ती हातात पडल्यावर कसं वाटतं, ते आता कळत होतं.

पण माणूस हार मानणारा नव्हता. त्यांनी कपाटातून पदक काढलं आणि कोपऱ्यावरच्या फोटोग्राफरला घरी बोलावलं. फोटोग्राफरने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, कडेवर नंबर ठोकलेला आहे की." नंबर होता, पण सासऱ्यांचा नव्हता. साहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पलटणीतल्या कुणा गाढवाने सासऱ्यांचा क्रमांकच चुकीचा लिहिलाय, म्हणून तर नोंद सापडत नाही! त्यांनी सासऱ्यांना विचारलं. सासरे म्हणाले, "नंबर बरोबर आहे." आणि खिडकीबाहेर बघत बसले. साहेबांना तेवढं पुरे होतं. कडेवरच्या क्रमांकाचा फोटो जोडून दुसरा अर्ज गेला.

या खेपेला जाडजूड पाकीट आलं. वरच्या पत्रात लिहिलं होतं: 'सदर क्रमांकाच्या नोंदीत पदक यथायोग्य नोंदलेले आहे. दुरुस्तीची आवश्यकता नाही. नोंदीची नक्कल सोबत जोडली आहे.'

इथे साहेबांनी नक्कल आधी एकट्याने वाचायला हवी होती. पण आनंदाच्या भरात माणूस काय करत नाही? त्यांनी अख्ख्या गल्लीला चहाला बोलावलं. बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. सासऱ्यांना मधल्या खुर्चीत बसवलं, अंगावर इस्त्रीचा सदरा चढवला. साहेबांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"रंग, गडद तपकिरी. बांधा, मजबूत. ओझं वाहून नेण्याची क्षमता, उत्तम."

गल्लीने माना डोलावल्या. तरुणपणी असतीलच तसे.

"स्वभाव, हट्टी. कामाला चोख. सूचना, मागच्या बाजूने अचानक जवळ जाऊ नये."

"अगदी बाबाच," लेक डोळे पुसत म्हणाली. "अजूनही मागून चादर घालायला गेलं की दचकतात."

"भरतीच्या वेळचं वय, चार." साहेब अडखळले. "टायपिंगची चूक दिसते. पुढचा आकडा राहिलाय. असो. सेवामुक्तीचं कारण, दात झिजल्यामुळे."

बैठकीत जरा चुळबुळ झाली. फोटोग्राफरने सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर वळवली. आता थांबायला हवं, हे साहेबांच्या जिभेला कळेपर्यंत पुढची ओळ बाहेर पडून गेली होती.

"मागील पायाचे नाल बदलले."

साहेबांनी पान उलटून पहिल्या पानाचा मथळा पाहिला. पाकीट फोडल्यावर तो पाहायचा असतो, हे त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल! मथळा होता, 'ओझेवाहू जनावरे: खेचर विभाग'.

हसायला सुरुवात कुणी केली ते सांगता येणार नाही, पण एकदा सुरू झाल्यावर ते कुणाला आवरेना. साहेबांचे कान लाल झाले. लेकीने स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. सासरे मात्र हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी हात पुढे केला.

"द्या तो कागद इकडे," ते म्हणाले. "मास्तरणीचा आहे तो."

एवढंच. मास्तरीण कोण, कुठली, काही सांगेनात. तो कागद उशाखाली घेऊन झोपले.

आता अर्जबिर्ज पुरे झाले, असं ठरवून तिघंही गाडी करून नोंदणी कचेरीत गेले. पायऱ्या चढताना सासऱ्यांना प्रत्येक वळणावर बसवावं लागलं. वर एका लांबलचक खोलीत, फायलींच्या कपाटांमध्ये, अधीक्षक बाईंचं टेबल होतं. बाई बोलायला नेमक्या, पण तुसड्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि म्हणाल्या, "सोपं आहे. एक पदक, एक नोंद. जनावराच्या नोंदीतून कमी करायचं, यांच्या नोंदीत घालायचं. यादी अजून भिंतीकडे गेलेली नाही. आजोबांनी फक्त इथे सही करायची."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी कागद सरकवला. 'सदर पदक जनावराच्या नोंदीत चुकीने नोंदले गेले, असे मी जाहीर करतो.' साहेबांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून, टोपण उघडून सासऱ्यांच्या हातात दिलं.

सासऱ्यांनी कागद वाचला. टोपण मागून घेतलं, पेनाला लावलं आणि पेन परत दिलं.

"चुकीने नाही," ते म्हणाले.

"बाबा, आता असं करू नका," लेक म्हणाली. "सही करा. एवढे जिने चढलात ना?"

"थांब जरा. श्वास घेऊ दे मला." त्यांनी तो घेतला, सावकाश. "आमची चौकी डोंगराच्या माथ्यावर. वर जाताना दारूगोळा न्यायचा, खाली येताना जखमी आणायचे. हिला आम्ही मास्तरीण म्हणायचो. रांगेतून कुणी बाहेर पडलं की चावायची. मलासुद्धा चावलीय. त्या दिवशी उतरताना माझ्या मांडीत गोळी लागली. बर्फ पडत होता. हिच्या पाठीवर दोन पोरं बांधलेली होती, दोघंही बेशुद्ध. मी म्हटलं, जा तू. गेली. एकटी गेली खाली. पोरांना उतरवून घेतलं, आणि ही परत फिरली. तिला धरायला तिघं जण धावले, तिघांनीही लाथा खाल्ल्या. सगळा डोंगर चढून माझ्यापाशी आली आणि उभी राहिली. मी तिच्या जीनाचा पट्टा धरला. मी तिला आणलं नाही, पोरी. तिने मला आणलं."

बाईंच्या हातातला शिक्का तसाच राहिला होता.

"आमच्या पलटणीच्या साहेबांनी शिफारस दोघांची मिळून लिहिली. आमच्याकडे सगळ्या याद्यांत खेचराचा नंबर वर, माणसाचा खाली. हरवलं तर आधी खेचर शोधायचे. कारकुनाने वरचा नंबर घेतला. पदक तिच्या नंबराचं आलं आणि लावलं माझ्या छातीवर. साहेब म्हणाले, दुरुस्त करून घे. मी म्हटलं, हो साहेब. आणि नाही केलं."

"पण का, बाबा?" साहेबांनी विचारलं. सवयीने त्यांचा आवाज कचेरीतला निघाला होता, त्याची त्यांनाच लाज वाटली.

"माझ्याकडे पदक आहे, जावईबापू. पेन्शन आहे, लेक आहे, तुम्ही आहात. तिचे दात झिजले तेव्हा तिला कुणाला तरी देऊन टाकलं. कुठे गेली, कशी मेली, मला माहीत नाही. मी रजेवर होतो. तिची म्हणून या जगात एवढी एक ओळ आहे. ती चुकीची होती असं मी लिहून देऊ?" ते लेकीकडे वळले. "ती परत वर आली नसती, तर तू तरी कुठून आली असतीस?"

लेक रडली. अगदी त्या लांबलचक खोलीत, फायलींसमोर, नाक ओढत रडली. तिला वडिलांचं नाव हवं होतं आणि ते मिळणार नव्हतं. वडिलांचा राग येतच होता, आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. शेवटी तिने तो कागद घेतला, घडी घातली आणि बाईंना परत दिला.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यांची सही होणार नाही."

साहेब मात्र हलले नाहीत. "मॅडम," ते म्हणाले, "भिंतीच्या नियमांत 'नोंदीत पदक असलेला सैनिक' असं आहे, की 'नोंदीत पदक असलेला क्रमांक'?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खणातून नियमांचा कागद काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"क्रमांक," त्या म्हणाल्या. "माणूस असा शब्द कुठेच नाही." त्यांनी यादी पुढे ओढली आणि कुणी अजून काही म्हणायच्या आत मास्तरणीच्या क्रमांकापुढे बरोबरची खूण केली.

भिंतीचा कार्यक्रम छावणीच्या मैदानात झाला. सासऱ्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं होतं. दारावरच्या जवानाने खुर्ची बघून बापलेकीला आधी आत सोडलं आणि नोंदवहीसाठी साहेबांना थांबवून घेतलं. तिथून त्यांना भिंत दिसत होती. ओळीने नावं, आणि नावांच्या मध्ये एका ठिकाणी नुसता एक क्रमांक. लेकीने खुर्ची तिथे नेली. सासऱ्यांनी दगडावर हात ठेवला, थोपटल्यासारखा केला आणि तसाच राहू दिला. थोड्या वेळाने लेकीनेही वाकून आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. साहेबांचा चष्मा धुरकट झाला, म्हणून त्यांनी तो काढून पुसला.

"साहेब, आपण कुणाकडून?" जवानाने विचारलं.

साहेबांनी क्रमांक सांगितला. जवानाने यादीवरून बोट फिरवलं, थांबवलं, पुन्हा वरून फिरवलं.

"इथे खेचर लिहिलंय."

"बरोबर लिहिलंय."

"मग आपलं नातं काय लिहू? रकाना मोकळा ठेवता येत नाही."

हेडक्लार्कसाहेबांनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि मोकळ्या रकान्यात, आपल्या सर्वांत सुवाच्य अक्षरात, लिहिलं: जावई.