चार बोटं फट

आमचे शेजारी गोविंदमास्तर दार लावायला लागले की तेवढ्यात माझा चहा पिऊन व्हायचा. खरं सांगतो! आधी बोटभर ढकलायचे, थांबायचे, मग आणखी बोटभर. आणि एवढं करून शेवटी चार बोटं फट ठेवायचेच.

"मास्तर, लावा ना एकदाचं!"

"घाई कायची गा? परत उघडता आलं पाहिजे." हे उत्तर ठरलेलं.

नागपूरच्या कॉलेजात गोऱ्या प्रोफेसरच्या हाताखाली ते प्रयोग मांडून द्यायचे. एकदा मलाही दाखवला. नळीत कोंडलेली हवा, तिच्यावर दट्ट्या. दट्ट्यावर ते वाळूचा एकेक कण ठेवत गेले, तसा तो कळेल न कळेल असा खाली गेला. एकेक कण काढला, तर होता तिथं परत! मी आपली गंमत म्हणून मूठभर वाळू धपकन टाकली. मास्तर पांढरेफटक पडले. "असं नको करू गा! धाडकन केलेलं परत फिरत नाही!" वाळूपायी एवढं? मी पोट धरून हसलो.

मास्तरांची बायको वारलेली, घरात एकुलती एक लेक कुमुद. तिचं लग्न काटोलच्या संत्रेवाल्यांकडे झालं आणि मास्तरांनी लेकीला सासरी धाडायलाही तोच प्रयोग लावला. आधी एक दिवस धाडली, जाऊन आणली. मग दोन दिवस. मग तीन. व्याही हैराण! शेवटी निरोप आला, 'दमणी धाडतो. आता नांदायले पाठवा, नाहीतर पोरगी तुमच्याकडंच ठेवा.'

एका सकाळी दमणी, म्हणजे पडद्याची बैलगाडी, दारात आली. मास्तरांनी कुमुदची पेटी चारदा गाडीत ठेवली, चारदा काढली.

"मास्तर, भेता काहून एवढे?" मी विचारलं.

"माही बहीण होती, यमू. नऊ वर्षांची. अशीच दमणी आली होती. मी म्हटलं, जाय वं लवकर, तुह्या वाटचे लाडू मले! गाडी भरधाव गेली. दाराले कडी मीच घातली. तिकडंच तापानं गेली गा. मले तोंडबी नाही दिसलं."

माझं ते मूठभर वाळू टाकून हसणं आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

"हळू हाक गा," मास्तरांनी गाडीवानाला बजावलं आणि दमणीला हात लावून नाक्यापर्यंत चालत गेले. तिथं कुमुदच म्हणाली, "बाबा, परता आता. ऊन होऊन राहिलं." बैलांनी चाल धरली.

आणि जन्मात कधी न धावलेले मास्तर धोतर सावरत धावत सुटले! एक वहाण रस्त्यातच राहिली.

"कुमुद! दाराले कडी नाही घालत वं! कधीबी ये!"

पडद्यातून एक हात बाहेर आला, हलत राहिला, मग धुळीत दिसेनासा झाला.

मी वहाण घेऊन गेलो. मास्तर धापा टाकत उभे होते. "परत येते ना गा?"

"येते, मास्तर," मी ठासून सांगितलं. मला तरी काय ठाऊक!

दुपारी गल्लीभर गरम वाऱ्याची लू भणभणत होती. मास्तरांनी दार सताड उघडं टाकलं होतं आणि उंबऱ्यात बसले होते. घरभर धूळ चालली होती. लावा ना एकदाचं, असं मी म्हणालो नाही.