सैल टेपचा अर्धा फूट

तीस वर्षांत माझ्या मापाने गेलेला एकही ट्रान्सफॉर्मर कुठे अडकलेला नाही. हे मी कंपनीत सगळ्यांना सांगतो. कोणी विचारलं नाही तरी सांगतो. असली धूडं शहरातून न्यायची तर आधी कोणीतरी सगळा रस्ता पायी मोजायला लागतो. तो कोणीतरी म्हणजे मी. टेपचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं बायकोच्या. "ताणा," ती म्हणायची. टेप सैल पडली की आकडा फुगतो, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

ती गेली त्याला आठ महिने झाले. या वेळचा ट्रान्सफॉर्मर नव्वद टनांचा होता आणि रस्ता नेमका आमच्या गल्लीतून. एकटाच मोजायला निघालो. गाडीला सव्वासोळा फूट हवे होते. जिथे कमी भरले तिथे पाडण्यासाठी लाल खडूने फुली मारली. न्हाव्याची पायरी, शिंप्याचा कट्टा, शेजारच्या मास्तरीणबाईंची बागेची भिंत. बाईंनी विचारलं, दुसरा काही उपाय नाही का? मी म्हणालो, बाई, मापाला दयामाया नसते. हे वाक्य मला इतकं आवडलं की रात्री आरशासमोर पुन्हा म्हणून पाहिलं.

मग माझं घर आलं. घरापुढे ओटा आहे. रोज संध्याकाळी ती तिथे भाजी निवडत बसायची. टेपचं टोक समोरच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं, दुसरं ओट्याशी धरलं. मधे टेपचा छान झोका झाला. साडेसोळा फूट! लिहून टाकलं आणि चहा प्यायलो.

ठरल्या दिवशी सकाळी गाडी आली. चौसष्ट चाकं, पुढे शिट्टीवाला, मागे बांबूने तारा उचलणारे दोघे. तारांसाठी गल्लीची वीज तासभर बंद केलेली. गाडी न्हाव्यापुढून गेली, शिंप्यापुढून गेली, मास्तरीणबाईंच्या पाडलेल्या भिंतीपुढून ऐटीत गेली, आणि माझ्या ओट्याशी येऊन खुर्चीत रुतलेल्या जाड्या पाहुण्यासारखी थांबली. पुढेही जाईना, मागेही येईना.

दुपारचे दोन वाजले. शहराला वीज देणारं यंत्र दारात उभं आणि अख्खी गल्ली पुठ्ठ्याने वारा घेतेय. साहेब फोनवर वरच्या साहेबांना सांगत होते की माप चोख आहे, रस्ताच आखडला असावा. वरचे साहेब म्हणे चौकशी समिती नेमणार होते. न्हावी गाडीच्या सावलीत गिऱ्हाइकाची दाढी करत होता.

मास्तरीणबाई खुर्ची घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"माझ्या भिंतीच्या वेळी मापाला दयामाया नव्हती. आज कुठून आली, भाऊ?"

मी ओट्याकडे बघितलं. मग म्हणालो, "टेप सैल धरली होती, बाई."

त्या उठल्या. "द्या ते टोक इकडे." गाडीच्या नाकापुढून समोरच्या भिंतीशी जाऊन त्यांनी टोक घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "ताणा."

ताणली. सोळा फूट. वर एक बोटही नाही. मी खिशातून लाल खडू काढला आणि ओट्यावर फुली मारली. पहार मात्र दुसऱ्या कोणाला चालवू दिली नाही. साहेबांनी अहवालात लिहिलं की अडथळा स्थानिक रहिवाशाने स्वखुशीने दूर केला.

आठवड्याभरात मी ओटा पुन्हा बांधायला घेतला आणि कंपनीचं पत्र आलं. दुसरा ट्रान्सफॉर्मर निघाला आहे. मार्ग तोच, कारण तो आता तपासलेला आहे! म्हणून विटा नुसत्या रचून ठेवल्या, सिमेंट लावलंच नाही. गाडी आली की उचलायच्या, गेली की पुन्हा मांडायच्या. संध्याकाळी जपून बसलं तर काही होत नाही.

परवा जरा जास्तच टेकून बसलो आणि विटांसकट रस्त्यावर आलो. मास्तरीणबाई खिडकीत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "किती फूट भरले?"