पाणीबचतीत नापास झालेल्या होविताबाई

मेक्सिकोतल्या आमच्या शहराने पाणीबचतीची दीर्घकालीन योजना जाहीर केली. ज्या घराचा वापर मागच्या वर्षापेक्षा निम्म्याने घटेल, त्या घराचा नळ रोज सोडायचा. बाकीच्यांचा आठवड्यातून एकदा.

माझ्या शेजारच्या होविताबाई निश्चिंत होत्या. मका धुतलेल्या पाण्यात त्या ताटं विसळत, त्यानेच फरशी पुसत आणि उरलेलं बोगनवेलीला घालत. पलीकडच्या दामासोंकडे पोहण्याचा तलाव होता. त्यांना पाण्याची भीती वाटे, म्हणून त्यात कुणी उतरत नसे. त्या वर्षी त्यांनी तलाव भरला नाही. त्यांचा नळ रोज सुरू झाला, होविताबाईंचा आठवड्यावर गेला.

होविताबाई तडक योजनेच्या निरीक्षक एलादियोंकडे गेल्या. त्यांनी खुर्ची दिली, विचारपूस केली.

"बाई, तुमचा वापर कमी आहे हे खात्याला मान्य आहे. पण तो कमी झालेला नाही."

"मग मी करू तरी काय?"

"आधी वाढवा. उधळल्याशिवाय वाचवणार काय?"

बाई रडवेल्या होऊन परतल्या. पहिल्यांदा नळ मोकळा सोडताना त्यांनी चक्क डोळे मिटून घेतले. मग अंगण धुतलं, रस्ता धुतला, समोरच्यांचा रस्ताही धुतला. पाइपाचा फवारा डोक्यावर धरून त्या नाचल्या, तेव्हा एवढं हसू त्यांच्या पोटात होतं हे गल्लीला प्रथमच कळलं. सगळ्यांनीच मनावर घेतलं. नळ येईल त्या दिवशी कुणी कोंबड्यांना न्हाऊ घाली, पाद्रीबुवा बाप्तिस्म्याला बादली घेत, आणि दामासोंनी पुढच्या वर्षाच्या बचतीसाठी दुसरा तलाव खोदला. मीही छत धुतलं. खोटं कशाला सांगू, मजा आली.

वर्ष सरता सरता धरण आटलं. पुढच्या वर्षी सबंध शहराचा वापर शून्यावर आला. बचत शंभर टक्के! एलादियो घरोघर अभिनंदन करत फिरले. होविताबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

"रोजचं पाणी कुठंय?"

"बाई, नळ आम्ही रोज सोडतोच आहोत," ते समजुतीने म्हणाले. "पाण्याचं खातं वेगळं."

आता ही योजना पाहायला देशोदेशीचे अधिकारी येतात. परवा तुमच्या शहराचेही आले होते. होविताबाई घसा खरवडून त्यांना म्हणाल्या, "हे तिकडे नेऊ नका." त्यांनी मान डोलावली, शंभर टक्क्यांच्या फलकासमोर फोटो काढला, आणि तुमच्याकडे मागचं वर्ष कोणतं धरायचं एवढंच विचारून गेले.