बिनप्रतिकाराचं पाडस

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ राज्य करायचा. करायचा म्हणजे दुपारपर्यंत झोपायचा आणि संध्याकाळी कुणाचा तरी सत्कार करायचा. सत्काराची त्याला भारी हौस.

त्या जंगलात एका हरणीला पाडस झालं. देखणं, पण सदा आजारी. साळूबाई नावाची साळिंदर तिथली डॉक्टरीण होती. तिने पाडसाला नीट तपासलं.

"याच्यात प्रतिकारशक्तीच नाही गं," ती म्हणाली. "जन्मजात दोष आहे. तुझी काही चूक नाही. पण गर्दीपासून जप. साधी सर्दीसुद्धा याच्या जिवावर बेतेल."

भिकोबा वानराचंही तेच दुखणं होतं. फक्त त्याची शक्ती मोठेपणी एका आजाराने खाल्ली होती. अशा दोषाला साळूबाई 'उपार्जित' म्हणे, म्हणजे नंतर जडलेला.

प्रधान कोल्ह्याने हे अर्धवट ऐकलं. प्रधानांना पूर्ण ऐकायला वेळ कुठला?

"महाराज, आनंदाची बातमी!" तो दरबारात म्हणाला. "राज्यात दोघे असे निघालेत की त्यांच्यात प्रतिकार औषधालाही नाही. पाडसाचा हा गुण जन्मजात आहे. भिकोबांनी तो कष्टाने उपार्जित केलाय."

वाघाचे डोळे पाणावले. "अशी प्रजा हवी! करा सत्कार!"

साळूबाई धावत आली. "महाराज, प्रतिकार रोगाचा हो! तुमचा नव्हे!"

"बाई," कोल्हा म्हणाला, "एकदा प्रतिकाराची सवय लागली की रोग कोणता आणि राजा कोणता, हे कोण बघत बसतं?"

आधी भिकोबाचा सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला. सगळ्या दरबाराने त्याला मिठ्या मारल्या. वाघाला पडसं झालं होतं. तो भिकोबाच्या गळ्यात पडून प्रेमाने खोकला. थोड्याच दिवसांत भिकोबा गेला.

शोकसभेत कोल्हा गहिवरला. "अखेरच्या श्वासापर्यंत त्यांनी प्रतिकार केला नाही!"

मला त्या मेल्या कोल्ह्याचा अजून राग येतो.

मग पाडसाची पाळी आली. लहान म्हणून त्याचा सत्कार घरी जाऊन करायचं ठरलं. हरणी रडत साळूबाईकडे गेली.

"रडू नकोस, कळपाला बोलाव," साळूबाई म्हणाली. तिने स्वतःच्याच काट्याने एकेकाला लस टोचली. "ज्यांच्यात शक्ती आहे त्यांनी टोचून घ्या. तुम्हाला रोग झाला नाही, तर त्याच्यापर्यंत तो पोचणार कसा?"

काळविटं कळवळली, पण टोचून घेतलं. मग सगळा कळप पाडसाभोवती दाटीने उभा राहिला.

वाघ वाजतगाजत आला. "बाजूला व्हा," तो खोकत म्हणाला.

कुणी हललं नाही.

"खोकला बरा झाला की या, महाराज," हरणी म्हणाली. ती जागची सरकली नाही.

वाघाने सगळीकडे रोखलेली शिंगं पाहिली. शाल तिथेच टाकून तो गुहेत परतला. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली: 'जंगलात प्रतिकाराची साथ आली आहे. महाराज कुणालाही भेटणार नाहीत.'

पाडसाला रोजचं औषध सुटलं नाही. पण ते कळपाच्या मधोमध उड्या मारू लागलं.

तात्पर्य: प्रतिकारशक्ती नसलेल्या लेकरापासून राजांनी चार हात लांब राहावे. ती त्याच्यात नसते, पण त्याच्या आसपासच्यांना तिची लागण होते, आणि तिच्यावर दरबारात औषध नाही.