घराचा समतोल, आवृत्ती १.४

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता गेमवाला फ्रीजसमोर उभ्याउभ्या झोपला. दार उघडं होतं. फ्रीजने आपल्या परीने पस्तीस मिनिटं पीं पीं करून पाहिलं आणि मग नाद सोडला. विसरलेली फाइल न्यायला बायको ऑफिसातून घरी आली, तेव्हा नवऱ्याचा एक हात दुधाच्या पिशवीवर होता आणि अंगठा त्या पिशवीवर काहीतरी भराभर दाबत होता.

गेमवाला स्वतंत्र होता. म्हणजे कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ तो एकटाच बनवायचा; चित्रं त्याची, संगीत त्याचं, चुकाही त्याच्याच. स्वतंत्र माणसाच्या डोक्यावर साहेब नसतो, असं लोक मोठ्या हेव्याने म्हणतात. ते खरंच आहे. पण साहेब नसला की 'आता घरी जा' म्हणायलाही कोणी उरत नाही, आणि हा तर घरीच बसलेला. सहा वर्षं तो एकच खेळ बनवत होता. त्यात एक गोगलगाय बाग ओलांडते. सहा वर्षांत ती नळापर्यंत आली होती, आणि नळ पुरेसा ओला दिसत नाही म्हणून गेले चार महिने काम तिथेच अडलं होतं.

बायको वजनमापे खात्यात निरीक्षक होती. ती बाजारात शिरली की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक काढायला धावत, आणि ती त्यांच्या आधीच पोचलेली असे. अशा बाईला नवऱ्याची लबाडी लपत नाही. तिची पंचाईत वेगळीच होती. 'पाच मिनिटांत येतो' असं हा माणूस म्हणतो तेव्हा ते त्याला स्वतःला मनापासून खरं वाटतं, हे तिला कळून चुकलं होतं. लबाडाला निदान दंड तरी करता येतो.

त्या दिवशी ती एक बातमीही घेऊन आली होती. तिला बढती मिळाली होती, पण दुसऱ्या गावी, रेल्वेने नऊ तासांवर. तीस दिवसांत होकार कळवायचा होता. तिथे खात्याचं घर मिळणार होतं, लेकीला शाळा मिळणार होती, आणि गोगलगाय काय, कुठल्याही गावात सरपटू शकते. तेव्हा प्रश्न एकच होता : तू येशील ना? विचारायला चार सेकंद, उत्तराला एक. पण फ्रीजला टेकून झोपलेल्या माणसाला असं काही विचारणं तिला बरं दिसेना. आधी डॉक्टर, मग प्रश्न, असा क्रम तिने ठरवला. सरकारी माणसाची क्रमावर फार श्रद्धा असते.

डॉक्टरांच्या दाराबाहेर सत्तावन्न माणसं बसली होती. डॉक्टरांनी एका हाताने नाडी धरली, दुसऱ्या हाताने स्वतःचा डबा उघडला आणि निदान केलं. अतिश्रम. माणूस आतून जळत चाललाय, थोड्या दिवसांनी नुसती राख उरेल.

"काम आणि घर यांत समतोल साधा," ते घास गिळत म्हणाले. "एवढं केलंत की काही औषध लागायचं नाही."

मग आपण स्वतः शेवटचं उजेडात घरी कधी गेलो होतो ते आठवत त्यांनी पुढच्या माणसासाठी घंटा वाजवली.

इथे घात झाला. डॉक्टरांनी 'समतोल' हा शब्द सगळे वापरतात तसा, म्हणजे काही अर्थ न धरता वापरला होता. पण गेमवाल्यांच्या धंद्यात समतोल हे एक रीतसर काम आहे. खेळातला एखादा गडी फार वरचढ झाला की त्याचा जोर कमी करायचा, कोणी फारच मार खात असला की त्याला बळ द्यायचं, आणि काय काय बदललं त्याची यादी जोडून नवी आवृत्ती काढायची. गेमवाल्याने हे हजारदा केलं होतं. जन्मात पहिल्यांदाच डॉक्टरांनी त्याला जमणारं पथ्य सांगितलं होतं. परत येताना तो इतका खुशीत होता की बायकोने प्रश्न विचारायला तोंड उघडलं तेव्हा तो म्हणाला, थांब, आधी मोजमाप होऊ दे. मोजमाप म्हटल्यावर ती थांबली. खात्याच्या माणसाला मोजमापाच्या आड येता येत नाही.

मोजमाप सात दिवस चाललं. तक्त्यावरून स्पष्ट झालं की घर हा पक्ष अन्यायकारक रीतीने बलवान आहे. उदाहरणार्थ, बायकोचं 'काही नाही' हे वाक्य. शब्द दोन, परिणाम अर्धा दिवस, त्यावर बचाव कुठलाच नाही. लेकीची 'बाबा' ही हाक दिवसाला सरासरी एक्केचाळीस वेळा येत होती, आणि त्यातल्या एकोणतीस हाकांमागे काहीही काम नव्हतं. काम बिचारं एका खोलीत बसून मुकाट मार खात होतं.

आवृत्ती १.१ फ्रीजच्या दारावर लागली. 'बाबा' ही हाक दिवसाला सहा वेळा. 'काही नाही' एकदा म्हटल्यावर पुढचे चार तास पुन्हा म्हणता येणार नाही. ज्याचं उत्तर द्यायला विचार करावा लागेल असा प्रश्न लेखी द्यावा, त्याची दखल यथावकाश घेतली जाईल.

दुसऱ्या कोणी तो कागद टराटरा फाडला असता. निरीक्षकबाईंनी तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला आणि आवक क्रमांक कुठाय एवढंच विचारलं. मग त्यांनी अर्ज लिहिला. 'विषय : एक प्रश्न विचारण्यास अनुमती मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही आपली पत्नी असून प्रस्तुत प्रश्नास बावीस दिवसांची मुदत आहे.' हे आपण चिडून लिहितोय की गंमत म्हणून, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. तोंडाने विचारणं काही अवघड नव्हतं. पण तिला भीती वाटत होती. तोंडाने विचारलं, त्याने एकदाचं नीट ऐकून घेतलं आणि 'नाही' म्हणाला तर काय करायचं, हे तिने अजून ठरवलं नव्हतं. अर्ज नामंजूर झाला तर निदान फेरअर्ज करता येतो.

पोचपावती दहा मिनिटांत आली. 'आपली सूचना मिळाली. आपल्यासारख्या सहभागी सदस्यांमुळेच हे घर दिवसेंदिवस सुधारत आहे. महत्त्व : किरकोळ. कारण : या प्रश्नामुळे अद्याप काहीही बंद पडलेलं नाही.'

लेकीचा मामला निराळा होता. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात नियम दिला की ती आधी त्यातली फट शोधते. सकाळी साडेसातलाच तिच्या सहाही हाका संपल्या. मग ती खोलीच्या दारात उभी राहून, पार्सलवाल्याला हाक मारावी तशी म्हणाली, "अहो, जरा ऐकता का?" गेमवाल्याने ही पळवाट नोंदवली आणि संध्याकाळपर्यंत 'अहो' वरही मर्यादा आली. तिसऱ्या दिवशी तिने हाक मारणंच सोडून दिलं. शाळेत काय झालं ते ती आता जिन्यातल्या मांजराला सांगू लागली. गेमवाल्याने तक्त्यात लिहिलं, समस्या सुटली. सुंठीवाचून खोकला गेला. लेकीने हाक मारणं सोडलं याचं ज्या बापाला वाईट वाटत नाही त्याचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि याचं नव्हतंच. म्हणून तर त्याला डॉक्टरांकडे नेलं होतं.

दुसऱ्या आठवड्याच्या मोजणीत उलटंच दिसलं. घराच्या वाट्याला दिवसाची अकरा मिनिटं येत होती. म्हणजे आता घराला बळ द्यायला हवं. आवृत्ती १.२ मध्ये पॉइंट आले. रोज घराचे शंभर पॉइंट मिळवणं त्याने स्वतःवर बंधनकारक केलं. एकत्र जेवण वीस, लेकीचा अभ्यास तीस, आणि 'कसा गेला दिवस?' ही विचारपूस पाच.

आता मुळात गेमवाला हा खेळणारा माणूस. खेळणाऱ्याला नियम दाखवला की तो सगळ्यात जवळचा रस्ता धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याने बायकोला विचारलं, "कसा गेला दिवस?"

"अजून जायचाय," ती म्हणाली.

पाच पॉइंट जमा झाले. त्याने आणखी एकोणीस वेळा विचारलं. सव्वासातला शंभर भरले आणि उरलेल्या दिवसात घरातल्या कोणाशी बोलायची सक्ती राहिली नाही. हा गैरप्रकार त्याच्याच लक्षात आला आणि त्याला स्वतःचा भयंकर राग आला. आवृत्ती १.३ स्वतःच्या गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी काढावी लागली. तोवर समतोलाच्या कामात दिवसाचे सोळा तास जाऊ लागले होते. गोगलगाय नळाशीच बसून होती. गेमवाला पुन्हा एकदा उभ्याउभ्या झोपला, या वेळी न्हाणीघराच्या दाराला टेकून. डॉक्टरांनी या खेपेला डबा खाली न ठेवताच सांगितलं, डोस कमी पडतोय, समतोल वाढवा.

मधल्या काळात आणखी एक प्रकार झाला. गेमवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे तो बदलांच्या याद्या इंटरनेटवर टाकत होता. गोगलगायीची वाट जगात कोणीच पाहत नव्हतं, पण या घराच्या याद्या चाळीस हजार माणसं वाचू लागली. वाचणारा गप्प थोडाच बसतो? बायको अजूनही फार वरचढ वाटते, असं एकाने लिहिलं. खेळातल्या गड्याला देतात तशी लेकीला नवी टोपी द्या, अशी बऱ्याच जणांची मागणी होती. स्वतःच्या घरी दोन वर्षं भावाशी न बोललेला एक गृहस्थ रोज सकाळी या घरातल्या नात्यांवर सविस्तर सूचना पाठवायचा. पण सगळ्यांना खरी गोडी होती ती यादीच्या तळाशी 'प्रलंबित' म्हणून छापलेल्या बायकोच्या त्या अर्जाची. काय असेल प्रश्न? अर्ज निकालात काढावा की नाही, यावर गेमवाल्याने मत मागवलं. 'एवढ्यात नको, मजा जाईल' या बाजूने एक्क्याऐंशी टक्के मतं पडली. लोकमतापुढे त्याचा इलाज चालला नाही. बायकोने तोवर तीन स्मरणपत्रं दिली होती. त्यांनाही क्रमांक मिळाले.

एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी ती तपासणीची पिशवी खांद्याला लावूनच घरात आली. तिने त्याला खुर्चीवरून उठवलं, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, मोबाइल काढून घेतला, खिशातलं पेन काढून घेतलं, फ्रीजवरची यादी उलटी लावली.

"काटा तपासतात कसा, माहीत आहे?" तिने विचारलं.

"वजन ठेवून."

"वजन नंतर. आधी सगळं काढून बघायचं. रिकामा काटा शून्यावर आला पाहिजे. जो येत नाही तो खोटा, मग त्यावर सोनं तोला नाहीतर भुसा." तिने घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं नुसता बस."

दहाव्या सेकंदाला त्याचा अंगठा हलू लागला. विसाव्याला पाय. पस्तिसाव्याला त्याचे ओठ काहीतरी मोजू लागले, आणि पन्नासाव्याला तो म्हणाला, "हे नुसतं बसणं आहे ना, याला किती पॉइंट धरायचे?"

तिने पिशवीतून खात्याचं लाल लेबल काढलं, 'अप्रमाणित, वापरण्यास मनाई', आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवलं. वीस वर्षांच्या नोकरीत तिचं लेबल कधी वाकडं लागलं नव्हतं, हे लागलं.

"मला बढती मिळालीय," ती म्हणाली. "नऊ तासांवर. उद्या होकार कळवायचाय. आम्ही दोघी जातोय. तू येशील ना?"

प्रश्न त्याने नीट ऐकला. या दोघींवाचून आपण तीन दिवसही राहू शकत नाही, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. उत्तर एका अक्षराचं होतं आणि ते त्याने दिलंही.

"हो," तो म्हणाला. "फक्त १.४ तेवढी बाहेर पडू दे."

दुसऱ्या दिवशी तिने खात्याला होकार कळवला आणि पंधरवड्यात सामान बांधलं. त्या पंधरवड्यात १.४ रोज 'उद्या' बाहेर पडत होती. निघायच्या सकाळी लेकीने दारात चपला घालता घालता त्याला विचारलं, आजच्या किती हाका शिल्लक आहेत? सहा, तो म्हणाला. तिने एकदा "बाबा" म्हटलं आणि सांगितलं की बाकीच्या पाच राहू देत. तो खाली टॅक्सीपर्यंत गेला, सामान ठेवायला मदत केली आणि पुढच्या रविवारी येतो म्हणाला. ते त्याला मनापासून खरं वाटत होतं.

आवृत्ती १.४ अखेर बाहेर पडली. हाका शून्य, व्यत्यय शून्य, प्रलंबित अर्ज शून्य. नळाशी मात्र त्याचं मन लागेना, त्यामुळे कामही शून्य, आणि दोन्ही पारडी तंतोतंत जुळली. डॉक्टरांनी तक्ता पाहून त्याला ठणठणीत बरा ठरवलं आणि त्याची एक प्रत स्वतःसाठी ठेवून घेतली. चाळीस हजारांनी मात्र नाराजी कळवली. शेवट घाईत उरकला, बायकोने अजून दोन संधी द्यायला हव्या होत्या, प्रश्न अगदीच साधा निघाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रश्न साधा होता, यात वाद नाही.

आता तुमच्याबद्दल. ही गोष्ट वाचायला आठ-दहा मिनिटं लागतात. तुम्ही मधे दोन-तीनदा हसलात, हा गेमवाला आपल्या ओळखीतल्या कोणासारखा आहे तेही ठरवून टाकलंत. तेवढ्या वेळात आतल्या खोलीतून तुम्हाला कोणीतरी काहीतरी विचारलं, आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. काय विचारलं होतं?